वाचकांचे प्रश्न : वेब ॲपमधले पत्ते, ओळींचा क्रम आणि गळालेले काना-मात्रा

गेल्या अंकात जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कच्या यूआरएल राउटिंगवर लिहिलं होतं, म्हणजे कुठला पत्ता उघडला की कुठला व्ह्यू (पान तयार करणारा कोड) चालतो त्यावर. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथं घेतली आहेत. कोड देवनागरीत छापला आहे. संगणकावर टाइप करताना मूळ इंग्रजी अक्षरं वापरा. गारगोटीच्या गुरुजींचं उत्तर लांबलंय. तो प्रश्न मराठीत साइट करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी अडवतो, म्हणून कापलं नाही.

ताई, आमच्या कापड दुकानाची साइट मी स्वतः जँगोत करतोय. पत्ते इंग्रजी अक्षरांत ठेवलेत. 'कापड/पॉपलीन/' उघडतं, 'कापड/केंब्रिक/' उघडतं, पण 'कापड/नवीन/' उघडलं की ४०४, 'पान सापडलं नाही'. नवीन मालाचा व्ह्यू लिहिलाय, टेम्प्लेट आहे, यूआरएलच्या फाइलीत ओळही आहे. दोन दिवस डोकं खातोय. फाइल सोबत जोडली आहे.
— एक वाचक, इचलकरंजी

ओळ बरोबर आहे, तिची जागा चुकली आहे. तुमच्या फाइलीत आधी 'कापड/<स्लग:नाव>/' आहे आणि तिच्याखाली 'कापड/नवीन/'. जँगो ही यादी वरून खाली वाचतो आणि जो पॅटर्न, म्हणजे पत्त्याचा साचा, पहिला जुळेल तिथं थांबतो. स्लग म्हणजे इंग्रजी अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि अंडरस्कोर एवढ्यांतून बनलेला कुठलाही शब्द. त्या हिशेबानं 'नवीन' हेही एका कापडाचं नाव झालं. मग तुमचा कापडाचा व्ह्यू डेटाबेसमध्ये 'नवीन' नावाचं कापड शोधतो, ते सापडत नाही आणि तो ४०४ देतो. एकदा व्ह्यूकडे गेलेली विनंती यादीकडे परत येत नाही. व्ह्यूनं ४०४ दिलं म्हणून जँगो पुढची ओळ बघेल, ही आशा बऱ्याच जणांना असते. तसं होत नाही.

दोन ओळींची अदलाबदल करा, काम झालं.

पण दोन दिवस का गेले तेही सांगते. ४०४ दोन प्रकारचं असतं. डीबग (चुका तपशिलात दाखवणारी सेटिंग) चालू असताना येणारं पिवळं पान नीट वाचा. पत्ताच कुठं जुळला नसेल तर त्या पानावर तपासून पाहिलेल्या सगळ्या पॅटर्नची यादी असते. पत्ता जुळला, पण व्ह्यूला वस्तू मिळाली नाही, तर ४०४ कुठल्या व्ह्यूनं उभं केलं त्याचं नाव वर छापलेलं असतं. तुमच्या पानावर कापडाच्या व्ह्यूचं नाव असणार. 'नवीन'च्या पानावर कापडाचा व्ह्यू काय करतोय, एवढा एक प्रश्न पडला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

माझे वडील पोस्टात सॉर्टिंगला होते. शाळा सुटली की मी कधीकधी त्यांचा डबा घेऊन जायची. भिंतीला लाकडी खणांची मांडणी, प्रत्येक खणावर चिठ्ठी, आणि वडील उभ्यानं पत्रं टाकत असायचे. नवीन माणूस आला की त्याचा 'इतर' खण पहिल्या आठवड्यात तुडुंब भरायचा. वडील त्याला एकच गोष्ट सांगायचे : पत्र हातात आलं की आधी नेमका खण बघ, मग ढोबळ, आणि 'इतर' सगळ्यात शेवटी. तेव्हा ते पत्रांबद्दल बोलत होते. यूआरएलची फाइल लिहिताना मला मात्र तो आवाज अजून ऐकू येतो. ठरलेले शब्द वर, 'कुठलंही नाव चालेल' असे पॅटर्न खाली.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. उद्या कुणी ॲडमिनमधून खरोखरच 'नवीन' असा स्लग असलेलं कापड भरलं, तर ओळी बदलल्यामुळं ते कापड कधीच उघडणार नाही. अशा राखीव शब्दांची छोटी यादी ठेवा आणि स्लग जतन करतानाच ते शब्द नाकारा.

फाइल तुम्ही पाठवलीच आहे म्हणून आणखी एक. सत्तरच्या वर ओळी एकाच फाइलीत आहेत. कापड, ऑर्डर आणि खातं अशी तीन ॲप तुमच्याकडं आहेतच, तर प्रत्येकाची स्वतःची यूआरएलची फाइल करा आणि मुख्य फाइलीत फक्त इन्क्लूड लावा. याला पिन कोडसारखा दाखला नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड सुरू झाला. त्याची मांडणी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी, संस्कृतच्या जाणकार माणसाची. ४१६११५ हा तुमचा पिन घ्या. दूरच्या पोस्टाला पहिले तीन अंक, ४१६, पुरे होतात. ४१६ मध्ये कोल्हापूर आहे, सांगली आहे, सावंतवाडीसुद्धा आहे. आतलं ११५ म्हणजे इचलकरंजी, हे बघणं पुढच्यांचं काम. इन्क्लूड हेच करतं : 'कापड/' एवढा जुळलेला तुकडा कापून टाकतं आणि उरलेला भाग कापडाच्या फाइलीकडं सोपवतं. म्हणून त्या आतल्या फाइलीत पुन्हा 'कापड/' लिहायचं नाही. तिथं फक्त 'नवीन/' आणि '<स्लग:नाव>/' राहतं. इन्क्लूड लावताना पहिल्यांदा सगळ्यांची हीच चूक होते आणि पत्ता 'कापड/कापड/नवीन/' होऊन बसतो.

आदरणीय ताई, मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. मुलांसोबत जिल्ह्यातल्या गडकिल्ल्यांची मराठी साइट करतोय. पत्तेही मराठीतच हवेत असा मुलांचा आग्रह आहे आणि मलाही तो पटतो. नावावरून स्लग बनवणाऱ्या जँगोच्या स्लगिफायला युनिकोडची परवानगी देऊन पाहिली. गगनगड छान आला. पण भुदरगडचं 'भदरगड' झालं, रांगण्याचं 'रगण' आणि पन्हाळ्याचं 'पनहळ'. आमच्याच जिल्ह्यातल्या गडांची नावं अशी मोडलेली बघून मुलं हिरमुसली. काय करावं?
— एक शिक्षक, गारगोटी

गुरुजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलांचा आग्रह अगदी योग्य आहे. तो सोडू नका.

गगनगड छान का आला ते आधी बघू. त्या नावात काना नाही, मात्रा नाही, अनुस्वार नाही, जोडाक्षर नाही. सगळी सुटी अक्षरं आहेत. स्लगिफाय हे फंक्शन 'शब्दात चालणारं अक्षर' कुठलं ते पायथनच्या रेगेक्सला (मजकुरातले साचे शोधण्याची सोय) विचारतं, आणि पायथनचं उत्तर असं आहे की भ, द, र, ग, ड ही अक्षरं. उकार, काना, अनुस्वार, हलन्त ही अक्षरावर बसणारी चिन्हं. चिन्हं अक्षरांच्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून ती झाडून टाकली जातात. भुदरगडातला पहिला उकार गेला, पन्हाळ्यातला हलन्त आणि दोन्ही काने गेले. तुमच्या मुलांनी काही चुकवलेलं नाही. आपली लिपी कशी चालते हे त्या व्याख्येत बसलेलंच नाही.

हे नुसतं दिसायला वाईट नाही, त्यात धोकाही आहे. करवीर तालुक्यात कळंबा आहे आणि कळंबेही आहे. दोन्हींचा स्लग 'कळब'. एका गावाच्या पानावर दुसऱ्या गावाचा माणूस पोचेल. एकमेव असण्याची अट लावली असेल, तर दुसरं गाव भरताच येणार नाही.

आता उपाय. तीन ठिकाणी हात घालावा लागेल.

पहिली जागा यूआरएलची फाइल. तिथं '<स्लग:नाव>' वापरू नका, कारण तो कन्व्हर्टर (पत्त्यातला तुकडा ओळखणारा भाग) फक्त इंग्रजी अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि अंडरस्कोर ओळखतो. त्याजागी '<स्ट्र:नाव>' लिहा. त्याला तिरकी रेघ सोडून काहीही चालतं, देवनागरीसुद्धा. पॅटर्नचा ठरलेला भागही मराठीत लिहिता येतो. 'गड/' असं सरळ देवनागरीत टाइप केलंत तरी जँगो ते नीट जुळवतो.

दुसरी जागा मॉडेल, म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदीची व्याख्या. स्लगफील्डला युनिकोडची परवानगी दिली तरी त्याची तपासणी त्याच व्याख्येनं होते आणि काना-मात्रा असलेलं नाव ती नाकारते. साधं कॅरेक्टर फील्ड घ्या, त्याला एकमेव असण्याची अट लावा आणि तपासणी स्वतः लिहा.

तिसरी जागा स्लगिफायच. ते बाजूला ठेवून सात-आठ ओळींचं आपलं फंक्शन लिहा. मजकूर आधी एनएफसी या युनिकोडच्या ठरावीक रूपात आणायचा, मागचापुढचा मोकळा भाग काढायचा, मधल्या जागांच्या आडव्या रेघा करायच्या, आणि युनिकोडमधला देवनागरीचा पट्टा, इंग्रजी अक्षरं, अंक, आडवी रेघ एवढंच ठेवायचं. दंड आणि दुहेरी दंड त्याच पट्ट्यात येतात, तेवढे वगळा.

एनएफसी कशाला, असं मुलं विचारतील. डोळ्याला सारखं दिसणारं अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवलेलं असू शकतं. 'कऱ्हाड' लिहून दाखवा. कुणाच्या कीबोर्डवर ऱ हे एकच अक्षर येतं, कुणाच्या कीबोर्डवर र आणि खाली नुक्ता अशी जोडी. एनएफसी या दोन्हींना एक करतं. पण र, हलन्त आणि पुढं न दिसणारं जोडचिन्ह असा तिसरा प्रकारही असतो, आणि तो एनएफसीला जमत नाही. त्यासाठी फंक्शनमध्ये एक वेगळी ओळ घाला : हे तीन एकापाठोपाठ दिसले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त. ही ओळ देवनागरीचा पट्टा गाळण्याच्या आधी आली पाहिजे, कारण ते जोडचिन्ह पट्ट्याबाहेरचं आहे. आधीच गाळलं गेलं तर 'कऱ्हाड'चं 'कर्हाड' होईल.

मुलांना वर्गात मोजायला लावण्यासारखी एक गोष्ट आहे. मराठी पत्ता फोनवरून कुणाला पाठवला की त्याचं टक्क्यांच्या खुणांचं लांबलचक शेपूट होतं. देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे तीन बाइट, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन इंग्रजी चिन्हांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ. भुदरगडात भ, उकार, द, र, ग, ड अशी सहा चिन्हं, म्हणून ५४. पन्हाळ्यात हलन्त आणि काने धरून सात, म्हणून ६३. शेपूट कुरूप दिसलं तरी पत्ता मोडलेला नसतो. ब्राउझर तो सर्व्हरकडं याच रूपात पाठवतो आणि जँगो तो उलगडून मग पॅटर्नशी जुळवतो. पत्ता लांब वाटत असेल तर नाव आटोपशीर ठेवा. 'भुदरगड' पुरे, 'भुदरगड-किल्ल्याचा-इतिहास-आणि-माहिती' नको.

माझा सल्ला विचाराल तर पत्त्यात क्रमांक आणि नाव दोन्ही घाला : 'गड/<इंट:क्रमांक>/<स्ट्र:नाव>/'. शोध क्रमांकानं घ्यायचा, नाव वाचणाऱ्यासाठी. कुणी नावात ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं तरी पान सापडेल आणि तुम्ही त्याला बरोबर नावाच्या पत्त्यावर पाठवू शकाल.

हा क्रमांक कुणी तरी मराठी अंकात टाइप करणार, याची मात्र आधीच तयारी ठेवा. इंट कन्व्हर्टरला फक्त इंग्रजी अंक कळतात. तुमच्या शाळेनं पत्रकावर 'गड/१२/भुदरगड/' छापलं आणि मुलानं मराठी कीबोर्डवर तसंच टाइप केलं, तर ४०४. स्वतःचा कन्व्हर्टर थोड्याच ओळींत होतो. रेगेक्समध्ये दोन्ही प्रकारचे अंक द्या; मूल्य घेताना पायथनचं इंट वापरा, त्याला '१२' दिलं तरी ते बारा म्हणूनच वाचतं; पत्ता बनवताना एकाच प्रकारचे अंक द्या; आणि शेवटी तो कन्व्हर्टर नोंदवा. नववीच्या मुलांना हे जमेल. पूर्ण झालं की साइटचा पत्ता मला नक्की कळवा. पारगड आणि सामानगडची पानं मला वाचायची आहेत.

ताई, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये माझा नोंदणीचा फॉर्म आहे. माझ्या लॅपटॉपवर तो आधी एरर द्यायचा. मैत्रिणीनं सांगितलं म्हणून डीबग बंद केलं, तर एरर गेली, पण आता फॉर्म भरला की पान नुसतं रिकाम्या फॉर्मवर येतं आणि डेटाबेसमध्ये काहीच दिसत नाही.
— एक विद्यार्थिनी, कागल

अगं, ती एरर तुझ्या मदतीला आली होती. डीबग परत चालू कर आणि तो संदेश शब्दनशब्द वाच. त्यात शेवटच्या तिरक्या रेघेचा उल्लेख असणार.

तुझ्या फाइलीतला पॅटर्न 'नोंदणी/' असा रेघेसह आहे आणि फॉर्मच्या ॲक्शनमध्ये (फॉर्म जिथं पाठवायचा तो पत्ता) तू 'नोंदणी' असं रेघेशिवाय लिहिलं आहेस. असा पत्ता जुळला नाही की जँगो शेवटी रेघ जोडून बघतो. जुळलं तर ब्राउझरला सांगतो, त्या पत्त्यावर जा. सेटिंग्जमधल्या 'अपेंड स्लॅश'चं हे काम, आणि ते मुळात चालूच असतं. नुसतं पान बघायचं असेल तेव्हा हे सोयीचं आहे. फॉर्म पाठवताना मात्र ब्राउझर नव्या पत्त्यावर साधी गेट विनंती (नुसतं पान मागणारी) घेऊन जातो आणि तू भरलेलं सगळं वाटेत राहतं. डीबग चालू असताना जँगो हे होऊ देत नाही, थेट एरर देऊन थांबवतो. बंद असताना गुपचूप पुढं पाठवतो.

ॲक्शनमध्ये पत्ता हातानं लिहूच नकोस. पॅटर्नला नाव दे आणि टेम्प्लेटमध्ये यूआरएल टॅगनं त्या नावावरून पत्ता घे. मग रेघ विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. तपासणीच्या दिवशी सरांनी विचारलं तर हे सगळं सांग, त्यांना बरं वाटेल.

नमस्कार. भवानी मंडपाजवळ आमचं चपलांचं दुकान आहे, तिसरी पिढी. साइट नव्यानं करून घेतोय. डेव्हलपर म्हणतो जुने पत्ते सगळे बदलतील, नवीन छान सुटसुटीत असतील. आमच्या बिलांवर आणि डब्यांवर जुने पत्ते छापलेले आहेत. काही बिघडेल का?
— एक दुकानदार, कोल्हापूर

बिघडेल, आणि ते थांबवता येतं. माझ्या हातून हे झालेलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्याची साइट मी केली होती. प्रत्येक खोक्यावर एक क्यूआर कोड होता. तो स्कॅन केला की तो गूळ कुठल्या गुऱ्हाळाचा, कधी बांधलेला, हे उघडायचं. पत्त्यात क्रमांक होता : 'गूळ/' आणि पुढं खोक्याचा नंबर. दोन वर्षांनी साइट नवी करताना मी पत्ते बदलले. क्रमांकाऐवजी सुंदर नावं दिली. साइटवरचे सगळे दुवे तपासले, एकही तुटला नव्हता. तेव्हा मला समाधान वाटलं होतं. पण खोकी साइटवर नव्हती. ती गुजरातेत गेली होती, दुकानांच्या मांडणीवर बसली होती. तिथल्या एका दुकानदाराचा फोन व्यापाऱ्याला आला की तुमचा कोड उघडत नाही, माल अस्सल आहे ना? कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच अस्सलपणासाठी, आणि माझ्या एका फाइलीमुळं त्यावर शंका घेतली गेली. व्यापारी मला रागावले नाहीत. 'लवकर बघा' एवढंच म्हणाले. ते मला जास्त लागलं.

तुमच्या चपलांनाही २०१९ पासून मानांकन आहे. परगावचं गिऱ्हाईक डब्यावरचा पत्ता उघडून बघणारच.

डेव्हलपरला हे सांगा. जुना प्रत्येक पॅटर्न फाइलीत तसाच ठेवायचा, फक्त तो आता नव्या पानाकडं रिडायरेक्ट करेल, म्हणजे ब्राउझरला तिकडं पाठवेल. जुन्या आणि नव्या पत्त्यात तोच क्रमांक किंवा तोच स्लग असेल तर जँगोच्या रिडायरेक्ट व्ह्यूला नव्या पॅटर्नचं नाव दिलं की पुरे. माझ्यासारखं क्रमांकावरून नावाकडं जायचं असेल तर छोटा व्ह्यू लागतो : क्रमांकावरून वस्तू काढायची, तिचा नवा पत्ता घ्यायचा, तिकडं पाठवायचं. सुरुवातीला हे रिडायरेक्ट तात्पुरतं, म्हणजे ३०२ ठेवा. रिडायरेक्ट व्ह्यूचं मूळ वागणं तेच आहे. सगळे पत्ते तपासून झाले की ते कायमचं, ३०१ करा. घाई करू नका, कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि त्यात चूक झाली तर गिऱ्हाइकाच्या फोनमधून ती पुसणं तुमच्या हातात नसतं. जाहिरातीच्या दुव्यांना प्रश्नचिन्हापुढं काही जोडलेलं असेल तर तेही पुढं न्यायला सांगा. सांगितल्याशिवाय तो भाग गळतो.

आणि जुन्या पत्त्यांची यादी डेव्हलपरकडून घेऊ नका, सर्व्हरच्या लॉगमधून काढा. लोक खरोखर कुठले पत्ते उघडतात ते तिथं दिसतं. सोबत दुकानातलं जुनं बिलबुक, डबे, भिंतीवरचं कॅलेंडर समोर घेऊन बसा. दोन्ही यादीतला प्रत्येक पत्ता फोनवर स्वतः उघडून बघा. एक दुपार जाईल.

जुन्या प्रोजेक्टमध्ये जँगो १.११ वरून ४ वर आलो, तर यूआरएल हे फंक्शन सापडत नाही म्हणते. सगळे रेगेक्स नव्यानं लिहायचे का?
— एक वाचक, शुक्रवार पेठ

नाही. ते फंक्शन ४.० मध्ये काढलं. त्याच्या जागी री-पाथ आयात करा, तुमचे रेगेक्स जसेच्या तसे चालतील. रेगेक्सशिवाय पत्ते लिहायचं साधं फंक्शन, पाथ, २.० पासून आहे, डिसेंबर २०१७ पासून. पुढं सवडीनं एकेक ओळ त्यावर न्या. नेताना दोन गोष्टी बघा. री-पाथमधून व्ह्यूला जे येतं ते नेहमी मजकूर असतं, तर पाथमधल्या इंटमधून खरा अंक येतो. त्यामुळं व्ह्यूमध्ये कुठं '१२' या मजकुराशी तुलना केलेली असेल तर ती मुकाट्यानं खोटी ठरेल. आणि पाथ पत्त्याच्या शेवटपर्यंत आपोआप जुळवतो, री-पाथला शेवटी डॉलरची खूण लागते. इन्क्लूडच्या ओळीवर मात्र ती खूण नको.